फुगीचं अजीर्ण

गोविंद मेडोज ही बावीस मजल्यांची इमारत टिटवाळ्यात नाथाच्या तबेल्याला खेटून उभी राहिली, तेव्हा त्याच्या बायकोने, चंद्रभागेने, सुनेला विचारलं होतं, "मेडोज म्हंजे काय गं?"

"कुरण," मेघाली म्हणाली.

तिथे आधी कुरणच होतं. चंद्रभागेच्या म्हशी तिथेच चरायच्या. आता त्या कुरणात माणसं राहायला आली आणि त्यांना म्हशींचा वास येऊ लागला.

म्हशी होत्या अकरा. अकरा म्हशींचं शेण तबेल्याच्या मागच्या नाल्यात जायचं, नाला ते काळू नदीला द्यायचा, आणि पुढे नदी त्याचं काय करते हे कधी कोणी नदीला विचारलं नव्हतं. पण यंदा पाऊस नवरात्रातच हात झटकून निघून गेला. दिवाळीला नाला आटला आणि शेण जिथे पडलं तिथेच पाय पसरून बसलं. वर पुन्हा पनीरचं पाणी. रतीब घालून उरलेल्या दुधाचं चंद्रभागा पनीर करायची आणि दूध फाटल्यावर निघणारं हिरवट आंबट पाणी डब्याडब्याने नाल्यात ओतायची. ते उन्हाला लागलं की गावातली डुकरंसुद्धा नाल्याच्या पलीकडून जायची.

मेडोजवाल्यांनी तक्रार केली. त्यावर सह्या करणाऱ्यांत निम्मे लोक चंद्रभागेचेच रतीबवाले होते. सेक्रेटरी शौनक, कानात सदा मोबाइलची बोंडं घातलेला पोरगा, दुधाची किटली हातात घेऊनच सांगायला आला.

"मावशी, पर्सनल काही नाही हां. दूध तुमचं एक नंबर आहे. फक्त म्हशी नकोत."

मग महापालिकेचे साहेब आले. नाकाला रुमाल लावून त्यांनी नाला पाहिला आणि रुमालातूनच निकाल दिला. माघी गणपतीला हजारो माणसं याच रस्त्याने देवळात जाणार, त्याआधी पुन्हा येऊन बघतो. नाल्यात शेण दिसलं तर जनावरं उचलायची. रुमालामुळे अर्धे शब्द आतच राहिले, पण 'उचलायची' तेवढा स्वच्छ ऐकू आला.

नाथाने त्याच संध्याकाळी मुरबाडहून बाबुराव दलालाला बोलावलं. बाबुराव गुरं बघायला आला की आधी चहा मागायचा, मग एका हातात कप धरून दुसऱ्या हाताने म्हशीचं तोंड उघडायचा. त्याने मास्तरणीचे दात पाहिले. मास्तरीण ही तबेल्यातली सगळ्यात थोरली म्हैस. दावणीच्या टोकाला उभी राहून बाकीच्या दहा जणींवर नजर ठेवायची, म्हणून मास्तरीण.

"हिचं वय झालं," बाबुराव म्हणाला. "हाडं वर आली, आचळं ढिली पडली. ही फुकट टाकायची बाकीच्यांवर." आणि सहज, काही मनात नसताना, त्याने चंद्रभागेकडे पाहिलं.

चंद्रभागेने पुढे होऊन त्याच्या हातातला कप काढून घेतला. अर्धा भरलेला होता.

"थंड झाला," ती म्हणाली आणि मोरीत ओतून आली.

रात्री जेवताना नाथा ताटात बघतच बोलला, "ईकून टाकू. पोरगा टेम्पो चालवतो, त्याला सांजसकाळ शेणात हात घालायला नको. आपून बी म्हातारं झालो."

"तू झालास," चंद्रभागा म्हणाली. "मना इचारलंस?"

यावर मेघालीने तोंड उघडलं. मेघाली लग्नाआधी आणि लग्नानंतर मिळून चार वर्षं डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात सांडपाणी तपासायच्या कामावर होती. कारखाना गुजरातेत गेला, मेघाली टिटवाळ्यात राहिली.

"आई, मी चार वर्षं दुसऱ्यांची घाण तपासली. आता आपली तपासते. गोबरगॅसची पिशवी बसवू. रबरी असते, जमिनीत आडवी ठेवायची. आत बारीक जीव असतात, डोळ्याला न दिसणारे. ते शेण खातात आणि गॅस सोडतात."

चंद्रभागेने जेवून खाटेवर कलंडलेल्या नाथाकडे पाहिलं.

"म्हंजे नवीन काय नाय," ती म्हणाली. "आण."

पिशवी आली ती काळी, जाड, बैलगाडीएवढी लांब. तिच्यासाठी चर खणायचा होता. नाथाने स्पष्ट सांगितलं, मी कुदळीला हात लावणार नाही, माघीच्या आदल्या दिवशी बाबुरावचा टेम्पो येणार म्हणजे येणार. चंद्रभागेने वाद घातला नाही. तिने लुगड्याचा ओचा खोवला आणि चर खणायला घेतला, मुद्दाम वाकडा. नाथा खाटेवरून बघत होता. नाथाने उभ्या जन्मात वाकडा बांध घातला नव्हता. थोडा वेळ त्याने मान फिरवून पाहिली, थोडा वेळ डोळे मिटून पाहिले, शेवटी उठला आणि तिच्या हातातली कुदळ ओढून घेतली.

"बायको हाय का घूस? बाजूला सर."

चर सरळ झाला. पण टेम्पोचं त्याने रद्द केलं नाही. "खणलं म्हणून मानलं असं नाय," तो म्हणाला.

मग रोजचं काम सुरू झालं. भल्या पहाटे दूध काढायचं, मग शेण भरायचं. शेणातली काडी, खडा, पेंढ्याचा तुकडा हाताने वेचायचा, कारण पिशवीला काडी चालत नव्हती. जेवढं शेण तेवढं पाणी, आणि गुठळी राहणार नाही असं हाताने कालवायचं, कोपरापर्यंत. थंडीत ते पाणी हाडात शिरायचं. चंद्रभागेच्या बोटांना भेगा पडल्या आणि भेगांत शेण बसलं. भाकरी थापताना पिठात हिरवी रेघ उमटायची. नाथा ती भाकर उलटी करून खायचा.

पिशवी बरेच दिवस मेल्या म्हशीसारखी पडून होती. गल्लीतून जाणारी बाई थांबून विचारायची, "काकू, उठली का तुमची?" चंद्रभागा म्हणायची, "उठंल." आणि एका सकाळी पिशवीच्या मधोमध जरासा उंचवटा दिसला. दुसऱ्या आठवड्यात ती टम्म झाली. चंद्रभागेने तिच्यावर हात फिरवला. वर ऊन, आत ऊब, कातडं ताणलेलं. असं कातडं तिने आजवर खूपदा चाचपलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्याचा एकच अर्थ होता.

"दिवस गेलेत हिला," ती म्हणाली.

तबेल्यात नावाशिवाय कोणी राहत नसे, म्हणून हिचं नाव पडलं फुगी. गल्लीतल्या बाया पोट बघायला येऊ लागल्या. कितवा लागला, ते विचारू लागल्या. एक म्हातारी तर नुसती बघून सांगून गेली की मुलगी होणार. मेघाली पहिल्यांदा हसली, मग तिने हात टेकले. एवढंच निक्षून सांगितलं, "आई, शेण रोजचंच घालायचं. पनीरचं पाणी दिवसाला एक बादली, त्याच्यावर नाही. तिला झेपत नाही."

गॅस पेटला. निळी, बुटकी ज्योत. तिच्यावर दूध तापलं, चहा झाला. शेणाच्या गॅसवरचा चहा नाथाने आधी हुंगला, मग बशीत ओतून लांबून पाहिला, मग दोन कप प्याला आणि म्हणाला, "साखर कमी हाय."

इथवर सगळं बेताने चाललं होतं. पण लग्नसराई आली. हळदीच्या जेवणावळींना पनीरची मागणी आली आणि चंद्रभागेच्या दारात आंबट पाण्याचे डबेच्या डबे उभे राहिले. त्याच वेळी मेघाली भावाच्या हळदीला माहेरी, कळव्याला गेली. आगऱ्यांची हळद म्हणजे नवरा एकदा भिजतो आणि पाहुणे चार दिवस वाळत नाहीत. त्यामुळे ती लगेच परतणार नव्हती.

चंद्रभागा डब्यांकडे बघत बसली. नाल्यात ओतले तर साहेब म्हशी उचलणार. ठेवले तर वास सुटणार, शौनक किटली घेऊन येणार. तिने फुगीकडे पाहिलं. फुगी भरल्या पोटाची, उन्हात पडलेली. आणि चंद्रभागेच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोटुशीला काय लागतं? आंबट. तिला स्वतःला मुलाच्या वेळी कैरी लागली होती, ती भिंतीचा चुनासुद्धा चाटायची. मेघाली शहाणी आहे, शिकलेली आहे, पण तिला अजून मूलबाळ नाही. तिला काय ठाऊक?

तिने पहिला डबा ओतला. फुगी काही बोलली नाही. तिने सगळे ओतले. दुसऱ्या दिवशी आणखी आले, तेही ओतले.

फुगी अशी फुगली की तिच्यावर बसलेला कावळा घसरला. चंद्रभागा हरखली. तिने बाया बोलावल्या, फुगीला हिरवी साडी पांघरली, शेवंतीची वेणी घातली, पाच फळांनी ओटी भरली. नाथा म्हणाला, "लाज सोडलीस." पण ओटीतलं एक केळं त्यानेच खाल्लं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चंद्रभागेने शेगडीला काडी लावली. काडी विझली. दुसरी लावली, तीही विझली. गॅस भसाभसा येत होता, पण पेटायच्या ऐवजी काडीलाच गिळत होता. शेजारच्या बाया चहाला आल्या होत्या. त्या बसल्या, काड्या संपेपर्यंत बघत राहिल्या, आणि एकेक करून पदर सावरत उठल्या. दुपारनंतर फुगी सैल पडू लागली. साडी सुरकुतली. रबडी, म्हणजे खाऊन झाल्यावर पिशवीच्या दुसऱ्या तोंडातून जे पातळ बाहेर पडतं ते, नासक्या ताकासारखं वास मारत होतं.

"खाली झाली तुझी," नाथा म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, पण तो शेण उचलायला उठलाही नाही. त्याने फोन काढला आणि बाबुरावला टेम्पोची आठवण केली.

मेघाली परतली ती हाताला हळद, गळ्यात आवाज नाही. फुगीला हिरव्या साडीत बघून ती दारातच थांबली. मग तिने घरातून एक कागदाची पट्टी आणली, रबडीत बुडवली आणि पट्टीचा बदललेला रंग बराच वेळ बघत राहिली.

"आई, पनीरचं पाणी घातलं?"

"घातला थोडा."

"थोडा म्हणजे?"

चंद्रभागेने भिंतीशी उभ्या केलेल्या रिकाम्या डब्यांकडे पाहिलं. ते लपवायचं तिला सुचलं नव्हतं.

"आई!"

"डोहाळे लागले होते तिला," चंद्रभागा म्हणाली.

मेघालीने कपाळावर हात मारला. कपाळही पिवळं झालं. मग ती तिथेच शेणाच्या घमेल्याशेजारी बसली आणि बसक्या आवाजात सांगू लागली. आत एका जातीचे जीव आंबट तयार करतात, दुसऱ्या जातीचे ते आंबट खाऊन जळणारा गॅस देतात. हे दुसरे हळू खातात. पहिल्यांच्या पुढ्यात एवढं पडलं की दुसरे आंबटातच बुडाले.

चंद्रभागा ऐकत होती. ऐकता ऐकता तिची मान वर झाली.

"म्हंजे ही मास्तरणीसारखीच," ती म्हणाली. "मागं ती लग्नातला भात खाऊन आली होती. पातेलाभर. पोट नगाऱ्यासारखं, रवंथ बंद. आत आंबलं सगळं."

"मग काय केलेलंत?"

"उपाशी ठेवली. सोडा पाजला. आनि दुसरीच्या तोंडातला रवंथ काढून हिच्या तोंडात घातला."

मेघाली हसायला लागली, पण आवाजच नव्हता, नुसते खांदे हलत होते. "आई, मी हेच सांगणार होते. घालायचं बंद करायचं. चुन्याची निवळी थोडी थोडी द्यायची. आणि ताजं शेण लावायचं, विरजणासारखं."

"मास्तरणीचं लावू," चंद्रभागा म्हणाली. "तिचं पोट सगळ्यात पक्कं. पर माझी पोटुशी नव्हती तर."

"अजीर्ण होतं, आई."

"माघीला कवरे दिवस राह्यले?"

"थोडेच," मेघाली म्हणाली. आणि दोघी उठल्या.

फुगी उपाशी होती, पण म्हशी उपाशी नव्हत्या. अकरा म्हशींचं शेण रोज येतच होतं. नाल्यात टाकायचं नाही, फुगीत घालायचं नाही. चंद्रभागेने शेणी थापायला घेतल्या. अंगण भरलं, गोठ्याची भिंत भरली, न्हाणीची भिंत भरली. मग उन्हाची, उंच, गुळगुळीत अशी एकच भिंत उरली, ती गोविंद मेडोजच्या कंपाउंडची. एका दुपारी त्या पांढऱ्या भिंतीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शेणी लागल्या, वरची रांग मेघालीची, खालची चंद्रभागेची. प्रत्येक शेणीवर पाच बोटं.

शौनक धावत आला. कानातली बोंडं त्याने पहिल्यांदाच काढली होती.

"मावशी! हे काय? आत्ताच एशियन पेंट लावलाय!"

"वाळल्या का काढते."

"डाग पडतील!"

"पडतील. मी चुना मारून देते. चुना आणलाच हाय."

शौनकने वर पाहिलं. बाल्कन्यांत माणसं उभी होती. सातव्या मजल्यावरून एका आजोबांनी ओरडून विचारलं की होळीला शेणी मिळतील का. शौनक म्हणाला, "शनिवारपर्यंत, मावशी. प्लीज." आणि जाताना एका न वाळलेल्या शेणीवर बोट टेकवून पाहिलं, लहान पोर भिंतीचा रंग ओला आहे का बघतं तसं.

फुगीला सकाळ-संध्याकाळ चुन्याची निवळी. तोंडाच्या नळीतून लांब बांबू घालून ढवळायचं, हळू, जसं म्हशीचं पोट चोळतात. चुन्याने चंद्रभागेच्या भेगा भाजून निघाल्या. ती रात्री खोबरेल लावायची आणि पहाटे पुन्हा चुन्यात हात घालायची. मास्तरणीने शेपूट वर केली की ती घमेलं घेऊन पळायची; शेण जमिनीला लागू द्यायचं नाही, गरम गरम फुगीच्या तोंडात. नाथा खाटेवर बसून हे बघायचा. एकदा मास्तरणीने शेपूट वर केली तेव्हा चंद्रभागा लांब होती. तिने मान वळवून पाहिलं तर नाथा घमेलं धरून उभा होता, तोंड दुसरीकडे करून, जणू घमेलं कोणीतरी त्याच्या हातात विसरून गेलं आहे.

रोज मेघाली पट्टी बुडवायची, रोज मान हलवायची. मग एका सकाळी तिने मान हलवली नाही. रबडीचा आंबूस वास उतरत गेला, फुगीच्या कातड्याला जरा ताण आला. पण काडी अजून कधी धरायची, कधी विझायची.

माघीच्या आदल्या दिवशी साहेब आले, हातात रुमाल तयार. त्यांच्या मागोमाग बाबुरावचा टेम्पो आला आणि दारात आडवा लागला. बाबुरावने मागचा फाळका पाडला, दावी मोकळी करायला हात पुसले. म्हशींनी त्याला ओळखलं. मास्तरणीने तोंड घट्ट मिटून घेतलं.

साहेबांनी सवयीने रुमाल नाकाला लावला. नाल्याशी गेले. नाला कोरडा होता. आत एक प्लास्टिकची पिशवी आणि एक चप्पल.

"चप्पल कोणाची?"

"मेडोजवाल्यांची," चंद्रभागा म्हणाली.

साहेबांनी रुमाल जरासा खाली केला, हुंगलं, पुन्हा वर केला. "आज नाही. उद्या पुन्हा टाकाल. ती पिशवी चालते का? मला गॅस दाखवा."

चंद्रभागेने शेगडी अंगणात आणली. काडी ओढली. विझली. मेघालीने ओठ दाबून धरले. बाबुराव फाळक्यावर बसून पाय हलवत होता. चंद्रभागेने दुसरी काडी ओढली. नदीकडून वारा आला आणि तीही गेली. पेटीत एक काडी उरली होती. भेगांमुळे चंद्रभागेला ती नीट धरता येत नव्हती.

"थांब," नाथा म्हणाला. त्याने खांद्यावरचा पंचा काढला, दोन्ही हातांत पसरला आणि वाऱ्याकडे पाठ करून शेगडीवर वाकून उभा राहिला, पावसात पारडावर म्हैस उभी राहते तसा. "आथा लाव."

काडी ओढली. आधी काहीच नाही. मग 'भप्' असा आवाज, आणि निळी ज्योत. बुटकी. एकदा लवली, पण उभी राहिली.

नाथा हलला नाही. चहा उकळेपर्यंत तो तसाच वाकून उभा राहिला, कंबर धरली तरी.

साहेबांनी चहा प्यायला रुमाल खाली घेतला आणि मग तो वर न्यायला विसरले. "ठीक आहे," ते म्हणाले. "मी पुन्हा येईन. न सांगता."

"या," चंद्रभागा म्हणाली. "दुधाला किटली घेऊन या, चहा इथंच."

बाबुरावलाही चहा मिळाला, या वेळी पूर्ण कप. तो टेम्पोकडे बघून म्हणाला, "मुरबाडला रिकामा जाऊ का आता?"

"कशाला रिकामा?" नाथा म्हणाला. "तुझ्या शेतात भेंडी हाय ना? खताला रबडी ने." आणि म्हशींसाठी आणलेल्या टेम्पोत रबडीचे चार पिंप चढले. बाबुरावने पिंपाचं झाकण उघडून आत पाहिलं. सवयीने दातच बघत असावा.

माघीची गर्दी आली आणि गेली. आठवडाभर बरा गेला. आणि मग एका सकाळी दूध काढायच्या वेळी मेडोजमधल्या कल्पिता मॅडम तबेल्याच्या दारात उभ्या. पायात स्लीपर, अंगावर गाऊन, त्यावर ओढणी. मागे आणखी तीन बायका, आणि सगळ्यांच्या मागे शौनक, तोंड पाडून.

"मावशी, खरं सांगा," कल्पिता मॅडम म्हणाल्या. "म्हशी विकल्या ना?"

चंद्रभागा मास्तरणीच्या पोटाशी बसली होती. तिने धार थांबवली नाही.

"का?"

"वासच येत नाही! आठ दिवस झाले. खिडकी उघडली तरी काही नाही. ग्रुपवर सगळे विचारतायत, वास नाही तर दूध कुठून येतं? डेअरीच्या पिशवीतलं ओतताय ना आम्हाला? माझी मुलगी सहा वर्षं हेच दूध पितेय, मावशी. तुम्ही सांगायला हवं होतं."

चंद्रभागेने शौनककडे पाहिलं. शौनकने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर चुन्याखालून शेण्यांचे गोल अजून दिसत होते.

ती उठली. गुडघ्यावर हात टेकून, हळू. तिने कल्पिता मॅडमचा हात धरला, मऊ, नखं रंगवलेला, आणि आपल्या खरखरीत हाताखाली धरून मास्तरणीच्या पोटावर ठेवला. मॅडमने डोळे मिटून घेतले. आत काहीतरी गडगडलं, रवंथ चाललेलं. मॅडमने डोळे उघडले.

"गरम आहे," त्या म्हणाल्या.

"हाय ना?"

मास्तरणीने शेपूट वर केली. चंद्रभागेने क्षणभरही न दवडता मॅडमच्या दोन्ही हातांत घमेलं दिलं.

"धर नीट. भुईला पडू द्यायचा नाय," ती म्हणाली. "आनि झालं का त्या काळ्या फुगीच्या तोंडात ओत. ती सकाळपासनं उपाशी हाय."